नाही म्हणायची तालीम

रुपा कोडापेच्या तोंडून 'नाही' फार चटकन निघे, आणि एकदा निघालं की ते परत आत जात नसे. ती वर्ध्याच्या कडेच्या नालवाडीत वाढलेली. पाहायला पाहुणे आले तेव्हा ती एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मुलाच्या मामानं पोह्यांची बशी हातात घेत विचारलं, "लग्न झाल्यावर हे काम सोडशीन ना, बाई?"

"नाई."

"सासूनं सांगतलं तं?"

"तरी नाई."

मामाचा चमचा बशीतच राहिला. कोपऱ्यात बसलेला मुलगा मात्र खाली मान घालून हसत होता. तो रोशन, फौजेतला जवान. जे आपल्याला जन्मात जमलं नाही ते ही मुलगी पोह्यांइतक्या सहज समोर ठेवते, याचंच त्याला कौतुक वाटलं होतं. घरी परतताना त्यानं मामाला एवढंच सांगितलं, की हीच.

रुपाला ही विद्या पातेल्यानं शिकवली होती. रांगेतल्या एका पोराच्या डोळ्यांकडे बघून जास्तीचा डाव वाढला, की शेवटच्या पोराला पातेल्याचं बूड दिसतं. म्हणून डोळ्यांकडे बघायचं नाही, कारणं सांगत बसायचं नाही, आणि म्हणून झाल्यावर वाईट वाटून घ्यायचं नाही. लग्नानंतर खटपट करून तिनं गिरडच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत तसंच काम मिळवलं. सासरचं गाव गिरडच्या टेकडीच्या अलीकडे, चालत जाण्याच्या अंतरावर.

सासरी मात्र या शब्दाला जागाच नव्हती. सासरा मंगरू वनखात्यात रोजंदारीनं वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढायला, रोपं लावायला जाई. तो मुळातच कमी बोले. घर चाले ते सासूच्या, रामबाईच्या कायद्यानं. कायदा एकच. मोठ्या माणसानं दोन्ही हातांनी पुढे केलेलं घ्यायचं. चहा असो, भाकर असो की कडूजहर काढा असो. पोट भरलेलं असलं तरी एक घोट, एक घास घ्यायचाच. "दोन हातांनी देल्लं नाई म्हनलं, म्हंजे त्याचं घरच नाई म्हनलं," असं ती म्हणे. लहानपणी रोशननं एका म्हातारीनं दिलेलं किडकं बोर टाकून दिलं, तर रामबाईनं त्याला बखोटीला धरून तिच्या दारात परत नेलं होतं आणि दुसरं बोर मागून खायला लावलं होतं. तेही किडकंच निघालं. त्यानं ते खाल्लं.

असा मुलगा फौजेत सगळ्यांचा लाडका झाला, यात नवल नाही. कुणाची जादा ड्यूटी असो की कुणाचं ओझं असो, रोशन घेई.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तो स्पेशल फोर्सच्या निवडीला गेला. तिथं कुणी कुणाला पाठवत नाही. आपणच हात वर करून जावं लागतं. तिथं माणसाला झोपू देत नाहीत, धड खाऊ देत नाहीत, ओझं देऊन चालवतात, आणि तो कधी मोडतो ते बघत बसतात. बहुतेक जण मोडतात. रोशनही दिवाळीच्या आत परत आला आणि वर्षाची शिल्लक सुटी घेऊन घरी बसला. गुडघा गेला, म्हणाला.

गावानं गुडघा मान्य केला, पण चघळायचा काही सोडला नाही. पुंडलिकराव म्हणून एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. उभं आयुष्य लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणण्यात गेलं, त्यामुळे आता कुणी पुढे गेलेलं त्यांना बघवत नसे. पानठेल्यावर रोशन दिसला की ते म्हणत, "काय कमांडो, गुडघा काय म्हनते? सलाम करते का नाई अजून?"

रोशन हसे. रामबाई रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून त्याचा गुडघा चोळत बसे. चोळताना ती फौजेला शिव्या देई, आणि मधूनच म्हणे, "बरं झालं वं माय. परत आला ते बरंच झालं."

रुपानं पंधरवडाभर काही विचारलं नाही. मग एका सकाळी एक खुडूक कोंबडी खाटेखाली शिरली. रोशन उकिडवा बसला आणि तसाच, बदकासारखा, खाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कोंबडी धरली आणि हात न टेकता उभा राहिला.

"कोनता गुडघा दुखते तुमचा?" रुपानं चुलीपासून विचारलं.

"डावा."

"आत्या तं उजवा चोळतेत."

रोशनच्या हातातली कोंबडी ओरडायला लागली. रामबाई पाण्याला गेली होती, मंगरू कामावर. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"मायनं पह्यल्या रोजी उजवाच धरला," तो म्हणाला. "मंग मी काय बोलू?"

"आन डाव्याले काय झालं?"

"काई नाई झालं."

कोंबडी सोडून तो चुलीपाशी येऊन बसला. मग त्यानं सांगितलं. लांब चालणं होतं. पाठीवर भरलेला पिठ्ठू, रात्रभराचा चढ-उतार. उजाडायला आलं तेव्हा तो चांगला चालत होता; पाय भरले होते, पण होते. पुढे वळणावर गाडी उभी होती, मागचा फाळका उघडा.

"तिथं एक उस्ताद उभे. म्हातारे, सुभेदार साहेब. हातात चहाचा मग. दोन्ही हातांनी पुढं केला आन म्हनले, ले बेटा, गरम है."

"मंग?"

"घेतला."

"घ्याचा नाई असं सांगतलं नोतं?"

"सांगतलं होतं ना. गाडीपाशी काई बी घेतलं, तं तुमी सोडलं असं धरतेत. सगळ्यायले माईत होतं. मले बी माईत होतं, रुपा. पन हात पुढं गेले."

"आन पूरा पेला?"

"पूरा. तो मग बी धुवून परत देल्ला."

रुपाला हसू आलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. चहाचा मग धुताना त्याला कळलं होतं, की सुभेदार साहेब आपल्या छातीवरचा नंबर वाचताहेत. गाडीत बसलेली बाकीची पोरं रडत होती, लंगडत होती, एकाच्या पायातून रक्त येत होतं. धडधाकट असा हा एकटाच होता. त्यांच्यापुढे त्याला एवढी शरम वाटली, की उतरल्यावर तोही लंगडायला लागला. गुडघा तिथून आला.

खरं तर रुपाला बरं वाटायला हवं होतं. नवऱ्याची पक्की नोकरी होती, पलटण होती, वर्षाकाठी सुटी होती. त्या दुसऱ्या वाटेनं गेला तर कुठं आहे ते फोनवरही सांगता येणार नाही, असं तोच पूर्वी म्हणाला होता. पण पंधरा दिवस तिनं त्याला घरात बघितलं होतं. तो ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. तिनं बोलावलं तर ऐकू यायला वेळ लागायचा. हरलेला माणूस घरात जेवतो कमी आणि जागा जास्त अडवतो. लांब गेलेला नवरा तिला चालणार होता. स्वतःच्याच नजरेतून उतरलेला आणि सासूकडून भलताच गुडघा चोळून घेणारा नवरा चालणार नव्हता.

"पुन्हा जाता येते?"

"साहेब म्हनले, संक्रांतीनंतर एक डाव देतो. त्याच्यापुढं मंग नाई. पन आता मायले गुडघ्याचं काय सांगू?"

"गुडघा मी बरा करते," रुपा म्हणाली.

रामबाईला सांगितलं, की गुडघ्याला चालायची सवय राहावी म्हणून तो चालतो. अंगाची तयारी रोशनला कुणी शिकवायला नको होती. त्यानं खताच्या गोणीत रेती भरून ती पिठ्ठूत कोंबली, आणि दर चार दिवसांनी तो तीत आणखी ओंजळीनं रेती टाकू लागला. पहाटे तो गिरडची टेकडी चढे, उतरे, पुन्हा चढे. टेकडीवरच्या दर्ग्याला येणारे भाविक बघत राहत, की या माणसाचा नवस तरी केवढा आहे. मळ्यातल्या मोहाच्या झाडाला त्यानं दोर बांधला. पायाची कातडी टणक व्हावी म्हणून कुणी सांगितलेले उपाय केले, त्यातल्या एकानं पाय हिरवे झाले आणि आठवडाभर तसेच राहिले. मंगरूनं फक्त कुठल्या पायवाटेवर वाघाची ये-जा आहे तेवढं सांगितलं. "तिकून नको जाजो. त्याची बी तालीम चालू असते," तो म्हणाला.

डोक्याचं काम रुपानं घेतलं. दमून, घामानं निथळत तो अंगणात आला, की पिठ्ठू उतरवायच्या आत ती समोर झाकून ठेवलेल्या ताटावरचं फडकं क्षणभर उचले, पुन्हा टाके, आणि ताटात काय काय होतं ते विचारी. लसणाची पाकळी, काडेपेटी, तुटलेलं बटण, रामबाईची जोडवी. सुरुवातीला त्याला काडेपेटीसुद्धा आठवत नसे. पुढे पुढे तो जोडवी डाव्या पायातली की उजव्या तेही सांगू लागला.

पण खरी तालीम वेगळीच होती. तिनं त्याला बजावलं होतं की फेरी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कुणाच्या हातचं काही घ्यायचं नाही, पाणी आपल्या पाठीवरचं प्यायचं. आणि नाही म्हटल्यावर कारण द्यायचं नाही. "कारन सांगतलं का माणूस बसते समजावत. तुमी समजून घेता. गेलं मंग सगळं."

पहिल्या दिवशी रोशन तीन घरचा चहा पिऊन आला. दुसऱ्या दिवशी एक चहा आणि एक संत्रं. "म्हातारी उन्हात बसली होती वं," तो म्हणाला.

"म्हातारीले काय तुमी संत्रं खाल्ल्यानं सावली भेटली?"

मग तिनं हेमराजला हाताशी धरलं. हेमराज रोशनचा लहानपणापासूनचा दोस्त, संत्री आणि भाजीपाला वाहायला त्याच्याकडे छोटी मालवाहू गाडी होती. तो रोशनच्या मागून यायचा, वेग कमी करायचा, आणि खिडकीतून डोकं काढून चालू व्हायचा.

"बस बे, सोडून देतो. कोन पाहून राह्यलं? रुपावहिनीले मी नाई सांगत."

"चाल, हट."

"समोसा हाये गरम. पाय, वाफ निघून राह्यली."

"हेम्या, हा गोटा पाह्यला का?"

हेमराजला नाही म्हणणं रोशनला दोनच दिवसांत जमलं. दोस्ताला कुणीही नाही म्हणतं. रुपाला ते माहीत होतं. अडचण पांढऱ्या केसांची होती. दर्ग्यावर एका म्हाताऱ्यानं त्याच्या ओंजळीत प्रसादाचे चिरंजीदाणे ठेवले आणि त्यानं ते तोंडात टाकले, तेव्हा रामबाई शेजारी गेलेली बघून घरी मोठंच भांडण झालं.

"देवाचं होतं ते!"

"देव काय उतरेपर्यंत थांबत नोता?"

"देवाले नाई म्हनू मी आता?"

मंगरू खाटेवर विडी विझवत होता. तो म्हणाला, "म्हन तू नाई. देवाले राग आला तं मी समजावतो त्याले." आणि कूस बदलून झोपला.

त्या रात्री रुपाला कळलं, की सासऱ्याला गुडघ्याचं कधीचंच ठाऊक आहे.

राहिली रामबाई. ती तर रोज अडचणच रांधत होती. तुरीच्या सोल्यांची भाजी, पानगे, हरभऱ्याचा ताजा घोळाणा. सुटीवर आलेल्या लेकाला खाऊ घालायचं नाही तर कुणाला? रोशनची फेरी आपल्याच घरावरून जाई. एका सकाळी, अर्धी फेरी बाकी असताना, रामबाईनं दारातून हाक मारली. तो थांबला. तिनं ताट दोन्ही हातांत धरलं होतं. तो पिठ्ठूसकट ओट्यावर टेकला आणि त्यानं घास मोडला.

रुपा शाळेत जायला निघाली होती. ती परत फिरली, आणि तिनं त्याच्यापुढचं ताट उचललं.

जेवत्या माणसासमोरचं ताट उचलणं त्या घरानं कधी बघितलं नव्हतं.

"ठेव खाली," रामबाई म्हणाली.

"नाई."

"माह्या लेकाले उपाशी मारून राह्यली तू! माह्या घरात!"

"फेरी झाल्यावर जेवतीन ते. तुमी वाढा, दोन ताटं वाढा. आता नाई."

"कोनती फेरी? गुडघा गेलेला मानूस कायची फेरी मारते? चालाची सवय राहावी म्हनून चालते म्हने. तूच त्याले पाठवून राह्यली मराले. तुले पायजेच काय ते एकदा सांग."

"सांगते ना," रुपा म्हणाली. ताट हातातच होतं. तिनं सगळं सांगितलं. गाडी, सुभेदार, चहा, आणि धुऊन परत दिलेला मग. आवाज न चढवता सांगितलं, म्हणून ते जास्तच लागलं. "पाय नाई मोडला तुमच्या पोराचा. नाई म्हनता नाई आलं, म्हनून वापस आला. हे तुमी शिकवलं, आत्या. चांगलंच शिकवलं. पन तिथं नाई चालत."

रामबाईनं लेकाकडे बघितलं. रोशन ओट्यावर बसून मोडलेला घास हातात तसाच धरून होता. खाताही येईना, टाकताही येईना.

"म्हंजे मी इतके रोज चांगला गुडघा चोळला?"

बाकीचं सगळं तिनं ऐकून घेतलं असतं, पण हे तिच्या जिव्हारी लागलं. ती आत गेली आणि तेलाची वाटी परसात पालथी करून आली. तेव्हापासून ती रुपाशी बोलेना. लेकाशी बोले, ते कोंबड्यांच्या मार्फत. "जा वं, सांग त्याले, पानी काढून ठेवलं."

दिवस सरत आले. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी रोशन शेवटची मोठी फेरी मारणार होता: अंधार असताना निघून समुद्रपूरपर्यंत, तिथून आडवाटेनं परत गिरडला, टेकडी चढून उतरून घरी. आदल्या दिवशी रुपा सासूपुढे जाऊन उभी राहिली.

"उद्या टेकडीखालच्या वळणावर तुमी उभं राहा. दोन हातांनी द्या त्याले. तुमाले नाई म्हनता आलं तं कोनाले बी म्हनता येईन."

रामबाई तूर पाखडत होती. सुपातली तूर उडाली, पडली.

"मी माह्या लेकाले आशेनं देऊ, आन त्यानं मले नाई म्हनावं. हे पाहाले येऊ मी?"

"हो."

"नाई येत."

रुपा तशीच मागे फिरली. नाही म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला कळत होतं!

रविवारी दुपार कलल्यावर ती एकटीच वळणावर जाऊन उभी राहिली. वाटेच्या एका बाजूला तूर उभी होती, दुसऱ्या बाजूला कापूस वेचून झालेली पऱ्हाटी. उन्हं मऊ झाली होती. बऱ्याच वेळानं वाटेवर रोशन दिसला. पहिल्यांदा तिला तो वाटलाच नाही. माणूस पुढे झुकला होता, तोंड धुळीनं पांढरं, आणि चालत नव्हता, तर एकेक पाय उचलून दुसरीकडे ठेवत होता. तेवढ्यात मागून हेमराजची गाडी आली. गाडी थांबली आणि त्याच्या शेजारच्या सीटवरून रामबाई उतरली. हातात डबा, खांद्याला पाण्याची बाटली.

"मले काई नका विचारू," हेमराज दबक्या आवाजात रुपाला म्हणाला. "मावशीनं चाल म्हनलं, मी चाललो. मले कुठं नाई म्हनता येते?"

रामबाईनं रुपाकडे बघितलंही नाही. डबा उघडून तिनं भाकर आणि भाजी एका हातावर घेतली, दुसरा हात खाली लावला, आणि वाटेच्या मधोमध उभी राहिली.

"रोशन."

तो थांबला.

"सकाळपासून उपाशी हायेस. घे. दोन घास घे. पानी तरी घे."

"माय..."

"तुह्या पायाकडं पाय जरा. गाडी हाये, बस. घरी जाऊ." "कोनाले काय दाखवाचं हाये आपल्याले? चांगली नवकरी हाये तुही. कोनी काई म्हनत नाई. तुह्या बाचं वय झालं, मले रात्रीची झोप नाई. लोकायची पोरं मराले जातेत, जाऊ दे. तू नको. मी कोनापुढं कधी हात केले नाई रे. आज तुह्यापुढं करून राह्यली."

आणि रुपाला कळलं, की ही तालीम नाही. सासू खरंच मागत होती. तो खरंच घेईल, खरंच बसेल, म्हणून आली होती. सुभेदाराला ती पोरं मोडतात की नाही एवढंच बघायचं होतं. हिला आपलं पोर मोडायलाच हवं होतं, घरी न्यायला.

रोशनची बोटं पिठ्ठूच्या पट्ट्यांवरून सुटली. रुपानं ते बघितलं. एक हात थोडा पुढे आला. तिच्या घशाशी शब्द आला होता, जन्मभर सहज निघणारा तोच शब्द. पण तो तिचा होता, आणि इथं त्याचा हवा होता. तिनं दात आवळले.

"नाई, माय," रोशन म्हणाला.

"काय म्हनलं?"

"नाई म्हनलं."

आवाज फाटका होता, पण दोन्ही वेळा तोच होता. त्यानं आणखी काही बोलायला तोंड उघडलं. कारण असावं, किंवा माफी. मग मिटलं. पट्ट्या ओढल्या आणि आईला वळसा घालून तो चढाला लागला.

रामबाई तशीच उभी राहिली, हातांवर भाकर. रुपाला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. इतके दिवस ती भांडत होती, मोजत होती, ताटं उचलत होती. तो आता जाणार, हे तिला या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं.

टेकडीवरून एक स्कूटर उतरत आली. पुंडलिकराव. दर्शन करून येत होते. त्यांना अर्धं दिसलं होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी पाय टेकवून स्कूटर थांबवली.

"काय रामबाई? पोरगं मायच्या हातचं पानी बी घेत नाई आता? हेच शिकवतेत काय फौजेत?"

हेमराजनं गाडीच्या चाकाकडे बघितलं. रुपा तोंड उघडणार, तोच रामबाई वळली.

"फौजेनं नाई शिकवलं. मी शिकवलं."

"मायनं? नाई म्हनाले?"

"हो. काऊन? तुमाले भूक लागली काय?"

"म्हंजे... आता तुमी आग्रह करान तं..."

"नाई देत," रामबाई म्हणाली. "जा. पुढं सरका."

स्कूटर एकदा बंद पडली, मग चालू झाली आणि गेली. हेमराजला हसू आवरेना. "मावशी, ते भाकर मंग मी..."

"गप बे. जा गाडी घेऊन. आमी पायी येतो."

हेमराज गेला. रामबाईनं भाकर डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं, आणि चालायला लागली. झपाझप चालत होती, पदरानं डोळे पुसत होती, आणि तेवढ्याच जोरात बोलत होती. इतक्या दिवसांचं तुंबलेलं होतं.

"जाऊ दे म्हनत नाई मी. माह्या मनात नाई ते नाईच. सांगून ठेवते तुले."

"बरं."

"पन जाईन तं पुन्हा पडून नाई आला पाह्यजे. त्या पुंडल्याच्या डोळ्यासमोर तं नाईच नाई."

"नाई येत."

"तुले काय माईत? हात सुटला होता त्याचा. पाह्यला मी. आनखी एकदा म्हनली असती तं घेतलं असतं त्यानं." ती थांबली, श्वास घेतला. "पन दुसऱ्यांदा म्हनली नाई मी. काऊन म्हनली नाई, मलेच नाई माईत."

रुपानं टेकडीकडे बघितलं. पायऱ्यांवर लोक चढत-उतरत होते, त्यांच्यात तो कुठला ते ओळखू येत नव्हतं.

"आन तू कशी पारखतं वं त्याले रोज?" रामबाईनं विचारलं. "त्या हेम्याच्या समोश्यानं काय होते? असं पारखतेत काय? उद्यापासून मी पाहीन. आजारी पडीन मी. खाटेवर निजून हाक मारीन. तुह्या बापाचा पाय मोडला म्हनून सांगीन."

"माह्या बापाचा?"

"मंग कोनाच्या? माह्या मानसाचा मोडू काय?"

रुपा हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते तसेच भरू दिले.

रामबाईनं तिच्याकडे नीट बघितलं, बऱ्याच दिवसांनी. "तुले भेव नाई वाटत?"

"वाटते."

"मंग काऊन लावलं त्याच्या मागं?"

"घरी बसला असता तं जास्त वाटलं असतं."

गावची वाट लागली, तसा रामबाईनं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"फेरी संपल्यावर तं जेवीन ना तो?"

"जेवतीन."

"मंग पाय उचल. चूल पेटवाची हाये, आन तो लवकर उतरते."